विश्लेषण : वाळूच्या टेकड्यांवर बाइक मोहीम… निघण्यापूर्वी गटाने काय ठरवायला हवे?

थंडीची चाहूल लागली की मुंबई, पुणे, नाशिकच्या बाइकस्वारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘यंदा जैसलमेर करायचे का?’ हा प्रश्न येतोच. तासाभरात पंधरा जण होकार देतात, हॉटेलांच्या लिंक फिरू लागतात. टायरमध्ये हवा किती ठेवायची, सर्वात मागे कोण राहणार, एखाद्याचा पाय मोडला तर त्याला कुठे न्यायचे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. समजा, नऊ जणांचा एक गट जैसलमेरला पोहोचला आहे. डिसेंबरातली दुपार, साडेचार वाजले आहेत. डांबरी रस्ता तीन किलोमीटर मागे राहिला आहे आणि एका बाइकची क्लच प्लेट जळाली आहे. फोनला रेंज नाही. सूर्य सहाच्या आत मावळणार आहे. या गटाची ती रात्र कशी जाईल, हे बरेचसे महिनाभर आधी घरी बसून घेतलेल्या निर्णयांवर अवलंबून असते. ते निर्णय कोणते, याचा हा आढावा.

सम की खुरी? आणि कधी?

भारतात वाळूच्या टेकड्यांवर बाइक चालवायची म्हटले की पहिले नाव येते ते थरच्या वाळवंटातील जैसलमेरचे. या टेकड्यांना राजस्थानात ‘धोरे’ म्हणतात. शहरापासून पश्चिमेला साधारण ४० किलोमीटरवर सम आणि नैर्ऋत्येला जवळपास तेवढ्याच अंतरावर खुरी, ही दोन ठिकाणे सर्वाधिक परिचित. समला तंबूंची गर्दी आहे. उंटांची सफर, जीप सफारी आणि सायंकाळी सूर्यास्त पाहायला आलेले शेकडो पर्यटक एकाच पट्ट्यात असतात. खुरी तुलनेने शांत आहे. नवख्यांनी गर्दीच्या टेकडीवर सराव करणे हे त्यांच्यासाठी आणि पर्यटकांसाठीही धोक्याचे. त्यामुळे सरावासाठी कमी वर्दळीची जागा कोणती, हे स्थानिक चालकाला विचारूनच ठरवावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ. दिवसा हवा सुखद असते, रात्री पारा एक अंकी आकड्यावर येतो. उन्हाळ्यात इथे जाणे म्हणजे संकटाला आमंत्रण. पश्चिम राजस्थानातीलच फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. नाताळ ते नववर्षाचा आठवडा आणि माघ पौर्णिमेच्या सुमारास भरणारा मरू महोत्सव या दिवसांत गर्दी प्रचंड असते. तारखा ठरवताना हे दोन्ही टाळता आले तर उत्तम.

महाराष्ट्रातून जायला किती दिवस हवेत?

मुंबई ते जैसलमेर हे अंतर अहमदाबाद, सांचोर, बाडमेरमार्गे साधारण ११०० किलोमीटर आहे. पुण्याहून निघणाऱ्यांनी त्यात आणखी दीडशे किलोमीटर धरावेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अहमदाबाद-वडोदरा द्रुतगती मार्ग या दोन्हींवर दुचाकींना बंदी आहे. त्यामुळे जुन्या महामार्गांवरील वेळेचाच हिशोब करावा लागतो. नवशिके गट इथेच चुकतात. दोन दिवसांत जैसलमेर गाठायचे, तिसऱ्या दिवशी वाळूत उतरायचे, असा कार्यक्रम आखला जातो. रोज साडेपाचशे किलोमीटर बाइक हाकून आलेले मनगट आणि पाठ तिसऱ्या दिवशी वाळूत साथ देत नाहीत.

जाण्यासाठी तीन दिवस, एक दिवस विश्रांती व बाइकची तपासणी, वाळूत दोन दिवस आणि परतीचे तीन दिवस, असा नऊ दिवसांचा आराखडा वास्तववादी ठरतो. एवढी रजा नसेल तर बाइक रेल्वेने पाठवण्याचा पर्याय आहे. वांद्रे टर्मिनसहून जोधपूरला सूर्यनगरी एक्स्प्रेस जाते. बाइक पार्सल करताना टाकीतील पेट्रोल पूर्ण काढावे लागते, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि ओळखपत्र द्यावे लागते, पॅकिंगही नीट करून घ्यावे लागते. मात्र बाइक आपल्याच गाडीने आणि त्याच दिवशी पोहोचेल असे गृहीत धरू नये. जोधपूर ते जैसलमेर हे पुढचे साधारण २८० किलोमीटर मग बाइकने करता येतात.

वाळूत बाइक वेगळी का वागते?

डांबरी रस्ता टायरखाली हलत नाही, वाळू हलते. पुढचे चाक वाळू कापत आत शिरते, ती बाजूला सरकते आणि हँडल डावी-उजवीकडे वळवळू लागते. घाबरून चालक थ्रॉटल सोडतो. त्याबरोबर बाइकचे वजन पुढच्या चाकावर येते, ते आणखी रुतते आणि बाइक आडवी होते. वाळूतील बहुतेक पडण्यांची गोष्ट हीच असते. उपाय नेमका उलटा आहे. वजन मागे घ्यायचे, नजर दूर ठेवायची, हँडल घट्ट न पकडता त्याला थोडे हलू द्यायचे आणि थ्रॉटल एकसारखा उघडा ठेवायचा. वेग टिकला की पुढचे चाक हलके होऊन वाळूवर तरंगल्यासारखे चालते.

दुसरी गोष्ट टेकडीच्या आकाराची. वारा ज्या बाजूने येतो तिकडचा उतार लांब आणि सौम्य असतो, वाळूही तुलनेने घट्ट दाबलेली असते. माथ्यापलीकडे मात्र वाळू नुसती घरंगळून साचते. कोरडी वाळू साधारण ३४ अंशांपेक्षा जास्त तीव्र उतारावर टिकत नाही, त्यामुळे ही बाजू कायम त्या कमाल उताराच्या आसपास असते आणि अतिशय भुसभुशीत असते. थरमध्ये उन्हाळ्यातील प्रबळ वारे नैर्ऋत्येकडून येतात. म्हणून अनेक टेकड्यांची तीव्र बाजू ईशान्येकडे आढळते. पण हा ठोकताळा आहे. प्रत्येक टेकडी माथ्यावर उभे राहून डोळ्यांनी पाहूनच उतरावी.

टायरमधील हवा कमी का करायची?

यामागचे गणित सोपे आहे. टायर जमिनीला जेवढ्या भागात टेकतो त्या भागावरचा दाब ढोबळमानाने टायरमधील हवेच्या दाबाइतका असतो. बाइकचे वजन तेच राहते. म्हणजे हवेचा दाब निम्म्यावर आणला तर टेकणारा भाग जवळपास दुप्पट व्हायला हवा. टायरच्या बाजू कडक असल्याने प्रत्यक्षात तो त्याहून कमी वाढतो, पण फरक मोठा पडतो. टेकणारा पट्टा लांब होतो आणि चाक कमी रुतते.

रस्त्यावर २५ ते ३२ पीएसआय हवा असलेल्या बाइकला वाळूत साधारण १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवले जाते. याहून खाली जाताना जोखीम वाढते. ट्यूब असलेल्या चाकात हवा फार कमी असेल तर टायर रिमवर फिरतो, ट्यूबही त्याच्याबरोबर ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो. डर्ट बाइकमध्ये यासाठी ‘रिम लॉक’ असतो, आपल्या रोजच्या बाइकमध्ये बहुधा नसतो. म्हणून हवेचा दाब मोजणारे गेज आणि १२ व्होल्टवर चालणारा छोटा पंप हे गटाचे पहिले सामान. डांबरी रस्त्यावर परतताना हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेवर महामार्गावर वेगात गेल्यास टायर तापून निकामी होऊ शकतो.

कोणती बाइक चालेल?

महागडी बाइकच हवी, असे नाही. वाळूत ताकदीपेक्षा वजनाचा प्रश्न मोठा असतो. हिरो एक्सपल्ससारखी बाइक १६० किलोच्या आसपास, तर रॉयल एनफिल्ड हिमालयन जवळपास २०० किलोची. हा ४० किलोंचा फरक दिवसातून एकदा बाइक उचलताना जाणवत नाही. पंधराव्यांदा उचलताना मात्र तो माणसाला थकवून टाकतो. त्यातच मागे पॅनियर, टॉप बॉक्स, कॅमेऱ्याची बॅग लादलेली असेल तर बघायलाच नको. वाळूत उतरण्यापूर्वी सर्व सामान तंबूत किंवा सोबतच्या जीपमध्ये ठेवावे.

मागच्या चाकाचे एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद करण्याची सोय असेल तर ती आधीच शिकून घ्यावी. ट्रॅक्शन कंट्रोल चालू राहिले की चाक घसरताच इंजिनची ताकद कापली जाते आणि बाइक चढावर मध्येच थांबते. एअर फिल्टर साफ केलेला आणि एक अतिरिक्त सोबत असावा. क्लच प्लेटची जाडी सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घ्यावी. रुतलेली बाइक काढण्यासाठी अर्धवट क्लचवर इंजिन रेटत राहणे हे क्लच जळण्याचे नेहमीचे कारण आहे. सुरुवातीच्या उदाहरणातील बाइकचे बहुधा हेच झाले असावे.

भाड्याची बाइक घेणार असाल तर करारातील अटी वाचाव्यात. अनेक भाडेकरारांत कच्च्या किंवा रस्त्याबाहेरच्या वापरास मनाई असते.

गट किती मोठा असावा?

पंधरा जणांचा गट महामार्गावर छान दिसतो, वाळूत तो सांभाळता येत नाही. दोन टेकड्यांमधल्या खोलगट भागात गेलेला माणूस अवघ्या शंभर मीटरवरूनही दिसेनासा होतो. त्यामुळे पाच-सहा जणांचे उपगट करावेत. प्रत्येक उपगटात पुढे ‘लीड’ आणि मागे ‘स्वीप’. लीड वाट शोधतो. स्वीपचे काम त्याहून महत्त्वाचे. त्याच्या मागे कोणीही राहता कामा नये. गटातील सर्वात अनुभवी माणूस पुढे हवा, असे अनेकांना वाटते. खरे तर दुसरा सर्वात अनुभवी माणूस मागे असायला हवा, कारण अडचण मागेच येते. दुरुस्तीचे सामान आणि प्रथमोपचार पेटी त्याच्याकडे असावी.

बाकीच्यांच्या जोड्या लावाव्यात. प्रत्येकाने आपल्या मागच्याकडे लक्ष ठेवायचे. तो दिसेनासा झाला की थांबायचे. पुढच्याने थांबले की त्याच्या पुढच्यानेही थांबायचे. हा एक नियम पाळला तर कोणी मागे राहिल्याचे दोन मिनिटांत कळते. पाळला नाही तर ते सायंकाळी तंबूत मोजणी करताना कळते.

गटाचा वेग आणि दिवसाचे अंतर ठरवताना सर्वात नवख्या सदस्याकडे पाहावे. डांबरी रस्त्यावर मागे पडलेला माणूस तासाभराने ढाब्यावर येऊन मिळतो. वाळूत तो आपल्याला गाठण्याच्या नादात थकतो, थकला की पडतो आणि त्याला आणायला सर्वांनाच मागे यावे लागते. त्यामुळे पहिल्या दिवशी दहा किलोमीटरचा सराव हा भित्रेपणा नव्हे. त्या सरावात कोण किती वेळा पडतो हे मोजून दुसऱ्या दिवसाचा बेत ठरवता येतो.

टेकडी ओलांडण्याचे नियम कोणते?

गंभीर अपघात होण्याची भीती सर्वाधिक असते ती माथ्यावर. पलीकडून जीप येत असेल, उंट बसलेला असेल किंवा आधी गेलेला आपलाच मित्र पडलेला असेल, तरी चढणाऱ्याला ते दिसत नाही. त्यामुळे एका वेळी एकच बाइक हा पहिला नियम. लीडने चढून माथ्यावर बाजूला थांबायचे, पलीकडे पाहायचे आणि हाताने खूण करायची. खूण मिळाल्याशिवाय दुसऱ्याने निघायचे नाही. माथ्यापलीकडच्या तीव्र उताराच्या पायथ्याशी कोणीही थांबायचे नाही.

उतरताना बाइक सरळ खाली ठेवावी. तिरकी उतरवली तर खालच्या बाजूला कलंडते आणि चालक तिच्याखाली सापडतो. पुढचा ब्रेक जोरात दाबू नये. थांबायचे असेल तेव्हा उतारावर तोंड करून थांबावे, म्हणजे पुन्हा निघताना इंजिनला कमी झगडावे लागते.

बाइकला लवचीक काठीवर उंच झेंडा लावण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील इम्पीरियल सँड ड्यून्स परिसरात जमिनीपासून आठ फूट उंचीवर फडकणारा झेंडा वाहनाला बंधनकारक आहे. कारण साधे आहे, माणूस दिसण्यापूर्वी झेंडा दिसतो. फायबरची काठी आणि भगवा किंवा पोपटी रंगाचा कापडी तुकडा एवढाच हा खर्च आहे.

वेळही पाळावी. भरदुपारी सूर्य डोक्यावर असताना सावल्या पडत नाहीत आणि वाळूतला खड्डा व सपाटी एकसारखीच दिसू लागते. सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी तीननंतर उजेड तिरपा असतो, उंचसखल भाग ओळखू येतो. पण दुपारच्या सत्राला शेवटची मर्यादा हवी. चार वाजता नवी टेकडी चढायची नाही, रस्त्याकडे वळायचे. उदाहरणातल्या गटाने एवढे जरी पाळले असते तरी साडेचारला तो रस्त्याच्या जवळ असता.

पाणी, पेट्रोल आणि बाइक रुतल्यास?

थंडी असली तरी बाइक उचलताना घाम भरपूर जातो. प्रत्येकाने दिवसाला किमान चार ते पाच लिटर पाण्याचा हिशोब धरावा. त्यातले दोन-तीन लिटर पाठीवरच्या हायड्रेशन बॅगमध्ये असावे, कारण बाइक एकीकडे आणि माणूस दुसरीकडे अशी वेळ येऊ शकते. ओआरएसची पाकिटे सोबत हवीत. गटातील कोणी अचानक चिडचिड करू लागला, बरळू लागला किंवा त्याचा घाम थांबला तर तो उष्माघाताचा इशारा असू शकतो. त्याला सावलीत नेऊन अंग ओले करावे आणि तातडीने रुग्णालयात हलवावे.

पेट्रोल नेहमीच्या निम्म्या मायलेजवर मोजावे. जैसलमेरमध्ये टाकी पूर्ण भरूनच निघावे.

बाइक रुतली की थ्रॉटल पिळणे लगेच थांबवावे. चाक फिरत राहिले तर ते स्वतःसाठी खड्डा खणते. बाइक आडवी करावी, चाकाखालचा खड्डा पायाने वाळू लोटून बुजवावा, बाइक पुन्हा उभी करावी आणि शेजारी चालत, पहिल्या गिअरवर हलका थ्रॉटल देत तिला बाहेर काढावे. चार-सहा मीटरचा टोइंग पट्टा आणि साइड स्टँडखाली ठेवायला एक लाकडी फळी एवढ्यानेही मोठी मदत होते.

हेल्मेट, गॉगल्स, गुडघ्या-कोपराचे संरक्षक आणि घोट्याच्या वर येणारे कडक बूट यात तडजोड नको. वाळू मऊ असली तरी दोनशे किलोंची बाइक पायावर पडली की वाळू काहीच वाचवत नाही.

संपर्क तुटला तर? सॅटेलाइट फोन चालतो का?

परवान्याशिवाय अजिबात नाही. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीविना सॅटेलाइट फोन बाळगणे वा वापरणे हा गुन्हा आहे. परदेशातील गिर्यारोहक आणि रायडर सर्रास वापरतात ती उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी छोटी उपकरणेही याच कचाट्यात येतात. अमेरिकेत किंवा आखातात राहणारा मराठी मित्र मोहिमेसाठी येताना असे उपकरण सोबत आणणार असेल तर त्याला आधीच सावध करावे. जैसलमेर हा पाकिस्तानला लागून असलेला सीमावर्ती जिल्हा आहे. इथे अशा उपकरणाकडे सुरक्षा यंत्रणा कुतूहलाने पाहणार नाहीत.

मग पर्याय काय? ऑफलाइन नकाशे प्रत्येकाच्या फोनमध्ये उतरवून ठेवावेत. मोबाइलचे जीपीएस रेंज नसतानाही चालते, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. डांबरी रस्ता, तंबू आणि जवळचे गाव असे तीन बिंदू नकाशावर आधीच खुणावून ठेवावेत. गटात किमान दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्ड असावीत. टेकडीच्या माथ्यावर रेंज मिळण्याची शक्यता खोलगट भागापेक्षा जास्त असते.

सर्वात खात्रीचा उपाय मात्र जुनाच आहे. मागे राहिलेल्या एका माणसाला, म्हणजे तंबूचालकाला किंवा स्थानिक जीपचालकाला, कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत परतणार हे सांगून निघायचे. ‘सहापर्यंत फोन आला नाही तर आम्हाला शोधायला ये,’ हे त्याच्याशी स्पष्ट ठरवायचे. शक्य असल्यास त्या दिवसापुरती एक चारचाकी जीप भाड्याने सोबत घ्यावी. नऊ जणांत तिचा खर्च वाटला तर तो फार होत नाही.

परवानगी कुठे लागते?

थरचे वाळवंट रिकामे आहे, हा समज चुकीचा आहे. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत ३१६२ चौरस किलोमीटरवर डेझर्ट नॅशनल पार्क पसरले आहे. सम आणि खुरीचा परिसर या संरक्षित क्षेत्राच्या हद्दीत किंवा तिला लागून येतो. गोडावण, म्हणजेच आपला माळढोक, याचे हे शेवटचे मोठे आश्रयस्थान. हा राजस्थानचा राज्यपक्षी. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यामुळे मराठी वाचकांनाही तो परिचित आहे. आता देशभरात मिळून त्यांची संख्या दीडशेच्या आसपास उरली आहे. समला त्याचे प्रजनन केंद्रही आहे. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. टेकड्यांमधल्या सपाट गवताळ पट्ट्यात ‘सेवण’ नावाचे गवत असते. चालवायला सोपा म्हणून रायडरना तोच पट्टा खुणावतो आणि नेमका तोच माळढोकाचा अधिवास असतो. त्यामुळे गवतात बाइक घालू नये. सुदासरीसारख्या कुंपण घातलेल्या क्षेत्रात वन विभागाच्या परवानगीशिवाय प्रवेश नाही. आपण निवडलेल्या टेकड्यांवर खासगी वाहन नेता येते का, हे जैसलमेरमधील वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. ‘सगळेच जातात’ हे तंबूवाल्याचे उत्तर परवानगी ठरत नाही.

सीमेकडील काही भागांत बाहेरच्या व्यक्तींना जिल्हा प्रशासनाची पूर्वपरवानगी लागते. परदेशी नागरिकांसाठी नियम आणखी कडक आहेत. पोखरण परिसरात लष्कराचे गोळीबार सराव क्षेत्र आहे. तिथे भरकटणे म्हणजे न फुटलेल्या दारूगोळ्याचा धोका. रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. सीमावर्ती भागात रील्ससाठी ड्रोन काढण्यापूर्वी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा पाहावा.

अनेकदा शेते आणि गोचर जमीन ओलांडूनच टेकड्यांकडे जावे लागते. पावसाचे पाणी अडवून शेती केली जाते ती खडीन, देवाच्या नावाने राखलेली ओरण ही गावांची संपत्ती आहे. ‘पायवाट दिसली म्हणून गेलो’ हे कारण तिथल्या शेतकऱ्याला पटणार नाही.

अपघात झाला तर विमा मिळेल का?

वाहन विम्याच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा नमूद असतात. संघटित शर्यत, वेगचाचणी, वाहनक्षमतेची स्पर्धा यांसाठी केलेला वापर त्यातून वगळलेला असतो. मित्रांची सहल ही शर्यत नाही. पण प्रवेश शुल्क घेऊन, घड्याळ लावून ‘चॅलेंज’ ठेवले की प्रश्न उपस्थित होऊ शकतो. आरोग्य विम्यातील प्रमाणित अपवाद व्यावसायिक म्हणून साहसी खेळांत भाग घेणाऱ्यांपुरता आहे. तरी आपल्या पॉलिसीतील शब्द प्रत्येकाने वाचावेत आणि शंका असल्यास विमा कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्यावे. बाइकमालकासाठी सक्तीचे असलेले १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण चालू आहे ना, हेही तपासावे.

रुग्णालयाचा प्रश्न त्याहून तातडीचा. जैसलमेरमध्ये जवाहिर हे जिल्हा रुग्णालय आहे. डोक्याची किंवा मणक्याची गंभीर दुखापत असेल तर मोठ्या उपचारांसाठी २८० किलोमीटरवरील जोधपूर गाठावे लागू शकते. गटातील किमान दोघांनी प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेले असावे. प्रत्येकाचा रक्तगट, औषधांची अ‍ॅलर्जी आणि घरचा फोन क्रमांक लिहिलेले कार्ड जॅकेटच्या एकाच ठरलेल्या खिशात ठेवावे. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत.

डकारमधून काय शिकावे?

डकार रॅली ही वाळवंटातील सर्वात खडतर स्पर्धा. २०२० मध्ये सौदी अरेबियात झालेल्या या रॅलीत भारताच्या हिरो मोटोस्पोर्ट्स संघाकडून उतरलेला पोर्तुगालचा अनुभवी रायडर पाउलो गोन्साल्विस १२ जानेवारी रोजी सातव्या टप्प्यात पडला. आयोजकांना १० वाजून ८ मिनिटांनी सूचना मिळाली आणि १० वाजून १६ मिनिटांनी वैद्यकीय हेलिकॉप्टर त्याच्याजवळ होते. तरीही तो वाचला नाही. त्याच्यामागून येणारा प्रतिस्पर्धी, ऑस्ट्रेलियाचा टोबी प्राइस, शर्यत सोडून त्याच्यापाशी थांबला. पुढच्या वर्षी भारताचा सी. एस. संतोष याच रॅलीत चौथ्या टप्प्यात पडला. त्याला हेलिकॉप्टरने रियाधला नेऊन काही काळ कृत्रिम कोमात ठेवावे लागले. तो त्यातून बरा झाला.

हे व्यावसायिक रायडर होते. त्यांच्यामागे डॉक्टर, उपग्रह यंत्रणा आणि हेलिकॉप्टर होते. खुरीच्या टेकडीवर पडलेल्या हौशी रायडरला आठ मिनिटांत हेलिकॉप्टर मिळणार नाही. त्याच्याजवळ असेल तो फक्त मागून येणारा मित्र. तो थांबेल का आणि थांबल्यावर काय करायचे हे त्याला ठाऊक असेल का, एवढेच गटाच्या हाती असते.

निर्णय कोणी घ्यायचा?

ग्रुप मोहिमा बिनसतात त्या अनेकदा न बोललेल्या गोष्टींवरून. मोडलेल्या बाइकचा खर्च कोणाचा? एक जखमी झाला तर त्याच्यासोबत कोण राहणार आणि त्याच्या तिकिटाचे पैसे कोण भरणार? रात्री तंबूत मद्यपान झाले तर सकाळी त्याने बाइक चालवायची का? या प्रश्नांची उत्तरे निघण्यापूर्वी एका बैठकीत लिहून ग्रुपवर टाकावीत. समान वर्गणीतून एक आपत्कालीन निधी वेगळा ठेवावा, तो वापरला गेला नाही तर परत वाटून घ्यावा.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे मागे फिरण्याचा अधिकार. गटातील कोणीही, अगदी सर्वात नवखा सदस्यही, ‘मला पुढे यायचे नाही’ म्हणाला तर त्यावर मतदान होणार नाही, थट्टाही होणार नाही, हे आधीच ठरलेले असावे. वाळूत भीती वाटत असतानाही मित्रांसमोर लाज नको म्हणून चढलेली टेकडी सर्वात धोकादायक.

पुन्हा त्या साडेचारच्या वेळेकडे येऊ. तयारी असलेल्या गटात स्वीप जळालेल्या क्लचची बाइक तिथेच उभी करतो, नकाशावर खूण करतो. तिचा चालक जोडीदाराच्या मागे बसतो. लीड माथ्यावर जाऊन रेंज शोधतो. ती मिळाली नाही तरी सहा वाजता फोन न आल्याने जीपवाला निघणारच आहे. सूर्य मावळेपर्यंत नऊच्या नऊ जण रस्त्यावर असतात. बाइक सकाळी उजेडात जीपने ओढून आणता येते. रात्रभर वाळूत राहिलेल्या बाइकची फार तर थोडी धूळ झटकावी लागेल.